फेलोशिपची दोन दिवसांची कार्यशाळा करून आली, पीएचडीवाल्यांसाठी सविस्तर लिहून राहिली

आधी मार्क सांगून देते, पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो तारखेपायी आणि उद्घाटनापायी, त्याचं खाली लिहिते. फी होती ३०० रुपये, त्यात दोन दिवसांचा चहा-नाष्टा, दुपारचं जेवण आणि एक फाइल. मुक्काम करायचा असेल तर होस्टेलचे १०० वेगळे. बाजूच्या तालुक्यातल्या एका कॉलेजात होती, सिंदेवाहीहून एसटीने दीड तास, बायांना अर्ध तिकीट आहे त्यामुळे जाण्यायेण्याचाही फार खर्च नाही आला. एवढ्या पैशात मला जे भेटलं ते मी आजपर्यंत केलेल्या सगळ्या सेमिनार-वेबिनारमध्ये मिळूनही भेटलं नव्हतं, म्हणून एवढं लांब लिहून राहिली. ज्याला घाई आहे त्याने शेवटचे दोन पॅरे वाचले तरी चालते.

माझं थोडक्यात. भूगोलात पीएचडी सुरू आहे, गोंडवाना विद्यापीठाला रजिस्ट्रेशन, दुसरं वर्ष. विषय आपल्याकडचे मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, गावचा सारा वसूल करणाऱ्या मालगुजारांच्या काळातले. सोबत एका कॉलेजात सीएचबीवर शिकवते, म्हणजे तासावर पैसे, तास झाला तर पैसे, सुट्ट्या लागल्या की काहीच नाही. घरी धानाची शेती. वय ३१. फेलोशिप, म्हणजे संशोधनासाठी महिन्याला भेटणारे पैसे, नाही. आमच्या भागात पीएचडी करणारे बहुतेक जण असेच आहेत, फेलोशिप नावाची गोष्ट नागपूर-पुण्याच्या पोरांसाठी असते असंच धरून चालतात. मीही तसंच धरून चालली होती.

त्याआधी एक वाईट अनुभव सांगणं जरुरी आहे, कारण त्याच्याशी तुलना केल्याशिवाय ही कार्यशाळा काहून चांगली वाटली ते नाही समजणार. या उन्हाळ्यात मी एका ऑनलाइन आंतरराष्ट्रीय परिषदेला पैसे भरले होते, नाव नाही घेत. १८०० रुपये. जाहिरातीत लिहिलं होतं की पेपर यूजीसी केअर लिस्टमधल्या (विद्यापीठ अनुदान आयोगाने मान्य केलेल्या यादीतल्या) जर्नलला छापून देऊ, सर्टिफिकेट देऊ. पेपर पाठवला, कोणी वाचला नाही, काही दुरुस्ती सांगितली नाही, आठ दिवसात छापून आला. दीडशे पेपरच्या गठ्ठ्यात माझा एक. मार्गदर्शक सरांना दाखवला तर ते म्हणाले, हे कुठंच धरणार नाहीत. तेव्हा फार वाईट वाटलं होतं, १८०० रुपये म्हणजे माझे कितीतरी तास झाले.

या कार्यशाळेत दुसऱ्या दिवशी लायब्ररीच्या सत्रात हाच विषय निघाला. लायब्ररियन मॅडमने सांगितलं की यूजीसीने फेब्रुवारी २०२५ मध्ये केअर लिस्टच बंद केली, आता चांगलं जर्नल कोणतं ते विद्यापीठाने आणि आपण स्वतः तपासायचं. म्हणजे मी पैसे भरले तेव्हा ती लिस्ट चालूच नव्हती, आणि तिच्या नावावर पैसे घेणं सुरू होतं. अजून एक गोष्ट, २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये पीएचडीचे जे नवे नियम आले त्यात थिसिस जमा करायच्या आधी पेपर छापलाच पाहिजे ही यूजीसीची अट काढून टाकली आहे. विद्यापीठाचा आपला नियम वेगळा असू शकतो, तो आपापल्या विद्यापीठात विचारायचा, पण यूजीसीची सक्ती आहे असं सांगून कोणी पैसे मागत असेल तर द्यायचे नाही. मॅडमने पाच-सहा जर्नल स्क्रीनवर उघडून दाखवले, संपादक मंडळातल्या लोकांची नावं खरंच त्यांच्या विद्यापीठाच्या साइटवर आहेत का पाहा, मागचे अंक उघडतात का पाहा, आठ दिवसात छापतो म्हणणाऱ्याच्या दारात उभं राहू नका. हे सगळं मला चार महिने आधी कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं बाप्पा.

आता मुख्य गोष्ट, पैशाची. पहिल्या दिवशी दुपारी जे सत्र झालं त्या एकट्यासाठी ३०० रुपये देऊन द्या. शिकवायला एक मॅडम होत्या, गडचिरोली जिल्ह्यातल्याच, स्वतः जेआरएफ (नेट परीक्षेतून भेटणारी ज्युनियर रिसर्च फेलोशिप) घेऊन पीएचडी केलेल्या. त्यांनी पीपीटी लावलीच नाही. फळ्यावर लिहिलं, ३७,००० गुणिले २४. मग खाली ४२,००० गुणिले ३६. आम्हाला म्हणाल्या, करा हिशोब. १ जानेवारी २०२३ पासून जेआरएफ महिन्याला ३७,००० झाली, पहिली दोन वर्षं ती, मग मूल्यमापन होऊन एसआरएफ, म्हणजे सीनियर, ४२,०००, ती उरलेली तीन वर्षं. ८ लाख ८८ हजार आणि १५ लाख १२ हजार, बेरीज बरोबर २४ लाख. खडूने २४,००,००० लिहून खाली दोन रेघा मारल्या. घरभाडं आणि पुस्तकं-फिरस्तीचा कंटिंजन्सी खर्च याच्यात धरलेलाच नाही, तो वेगळा. हॉलमध्ये कोणी बोलेना. माझ्या बाजूला नागभीडकडची एक पोरगी बसली होती, तिने वहीत तो आकडा उतरवून घेतला आणि त्याला चौकोन केला. तिच्या बापाच्या दोन एकराचं मी मनात धरून पाहिलं, किती वर्षं लागतील एवढ्याला.

मग मॅडमने विचारलं, ३० च्या वरचे किती जण आहेत, हात वर करा. आम्ही अकरा-बारा जणांनी केले. त्यातल्या किती जणांना वाटते की आपलं जेआरएफचं वय गेलं? सगळ्यांचे हात वरच. तेव्हा त्यांनी सांगितलं की यूजीसी नेटच्या जेआरएफला ३० ची मर्यादा आहे हे खरं, पण ओबीसी नॉन-क्रिमिलेयर, एससी, एसटी, दिव्यांग यांना ५ वर्षांची सूट आहे, आणि बायांना पण आहे, कोणत्याही प्रवर्गातल्या असो. म्हणजे मी ३५ पर्यंत बसू शकते. दोन वर्षांपासून मी फक्त असिस्टंट प्रोफेसरसाठी फॉर्म भरत होती, त्याला वयाची अटच नाही, म्हणून वाटायचं तेवढंच आपल्या हातात आहे. दोन वेळा, एकदा जूनची आणि एकदा डिसेंबरची, जेआरएफचा पर्याय मी आपल्या हाताने सोडून दिला होता. पीएचडी सुरू असली आणि मधात जेआरएफ निघाली तरी चालते हेही तिथंच कळलं. रात्री होस्टेलवर झोपच नाही आली.

परीक्षेचंही थोडं सांगितलं त्यांनी. ३ तास, दोन्ही पेपर मिळून १५० प्रश्न, ३०० मार्क, निगेटिव्ह मार्किंग नाही, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडून उठायचं नाही. आता २०२४ पासून नेटच्या मार्कांवर पीएचडीलाही प्रवेश भेटते, त्यामुळे ज्यांचं अजून रजिस्ट्रेशन व्हायचं आहे त्यांना वेगवेगळ्या विद्यापीठांच्या पेट, म्हणजे पीएचडीच्या प्रवेश परीक्षा, कमी द्याव्या लागतील. नेटची फी साधारण १,१५०, ओबीसी आणि ईडब्ल्यूएसला ६००, एससी-एसटी-दिव्यांगला ३२५.

पण खरं काम झालं ते कागदपत्रांच्या टेबलावर. ही गोष्ट मी दुसऱ्या कुठंच पाहिली नाही. नोटिशीतच लिहिलं होतं की सगळे मूळ कागद आणि एक झेरॉक्स सेट घेऊन या. चहाच्या सुट्टीनंतर तीन टेबलं लागली, एकेकाची फाइल तिथं उघडून तपासली. माझी फाइल त्याच मॅडमकडे गेली. जात प्रमाणपत्र पाहिलं, व्हॅलिडिटी पाहिली, नॉन-क्रिमिलेयर हातात घेतलं आणि उजेडाकडे धरलं.

"हे राज्याचं आहे बाई. केंद्राचं कुठं आहे?"

"मॅडम, एकच असते ना जी नॉन-क्रिमिलेयर?"

"नाही ना. नेटच्या फॉर्मला ओबीसी भरशील तर केंद्राच्या यादीत तुझी जात पायजे आणि दाखला पण केंद्राच्या नमुन्यातला पायजे. तहसीलमधूनच भेटते, सेतूवर सांगायचं की केंद्र शासनाच्या कामासाठी पायजे. आणि तारीख पाह्यजो, या आर्थिक वर्षातला पायजे."

आपल्याकडे किती जणांचा घोळ याच कागदावर होतो ते त्या दिवशी दिसलं. चाळीसपैकी अठ्ठावीस जण ओबीसी, त्यातल्या फक्त चौघांकडे केंद्राच्या नमुन्यातला दाखला होता. परीक्षा पास होऊन कागद तपासायच्या वेळी बाद झालेले लोक मॅडमने स्वतः पाहिले आहेत, ते सांगताना त्यांचा आवाज जड झाला होता.

फेलोशिप देणाऱ्या राज्याच्या संस्थांचं पण नीट समजावून सांगितलं. अनुसूचित जातीसाठी बार्टी, अनुसूचित जमातीसाठी टीआरटीआय, दोन्ही पुण्याला. ओबीसी, विजाभज (विमुक्त जाती, भटक्या जमाती) आणि विमाप्र (विशेष मागास प्रवर्ग) यांच्यासाठी महाज्योती, ती आपल्या नागपुरातच आहे. मराठा, कुणबी, मराठा-कुणबी आणि कुणबी-मराठा यांच्यासाठी सारथी, पुण्याला. इथं आपल्या भागातला मोठा प्रश्न येतो तो कुणबी पोरापोरींचा, कारण कुणबी ओबीसीतही आहेत आणि सारथीच्या लक्षित गटातही आहेत, मग कुठं भरायचं? माझ्या मैत्रिणीने तोच विचारला. उत्तर असं की दोन ठिकाणची फेलोशिप एकाच वेळी घेता येत नाही, जिथं घेतली तिथं दुसरीकडे घेत नाही असं लिहून द्यावं लागते, म्हणून दोन्ही जाहिराती नीट वाचायच्या, आणि लिहून द्यायच्या आधी विचार करायचा. या जाहिराती कधी येतील त्याचा नेम नसतो, आल्यावर मुदत कमी असते, त्यामुळे कागद आधी तयार ठेवणाऱ्याचंच काम होते.

ज्या घरी एकुलती एक पोरगी आहे तिच्यासाठी यूजीसीची सावित्रीबाई जोतीराव फुले फेलोशिप आहे, पीएचडीसाठीच. त्यात भाऊ नको, बहीण नको, जुळ्या बहिणी असल्या तर चालते, घरच्यांचं प्रतिज्ञापत्र लागते. आमच्या बॅचमध्ये अशी एक निघाली. तिला तोपर्यंत कोणी सांगितलंच नव्हतं. सामाजिक शास्त्रवाल्यांसाठी आयसीएसएसआरची, म्हणजे केंद्राच्या सामाजिक शास्त्र संशोधन परिषदेची, डॉक्टरल फेलोशिप आहे, रक्कम जेआरएफपेक्षा कमी आहे पण नेटची वाट पाहत बसण्यापेक्षा तीही भरावी असं मॅडमचं म्हणणं. आयसीएसएसआरच्याच पैशातून दहा दहा दिवसांचे रिसर्च मेथडॉलॉजीचे कोर्स वेगवेगळ्या विद्यापीठात होतात, बाहेरगावच्या पोरांना राहण्या-खाण्याची सोय असते, त्याला नक्की भरायचं.

एक गोष्ट मात्र मला जड गेली. फेलोशिप घ्यायची म्हणजे पूर्णवेळ संशोधक व्हायचं, दुसरीकडून पगार घेता येत नाही. म्हणजे सीएचबी सोडायची. मी मॅडमला विचारलं, पैसे खात्यात येईपर्यंत काय करायचं? त्यांनी मन राखायला काही नाही सांगितलं. म्हणाल्या, सहा महिने हात आखडून काढायची तयारी ठेव, कारण फेलोशिप लागली तरी दर महिन्याला विद्यापीठाकडून पोर्टलवर कन्फर्मेशन जावं लागते, एका बाबूने भरायचं, दुसऱ्या अधिकाऱ्याने तपासून पुढं पाठवायचं, यातला एक जरी सुट्टीवर गेला तरी पैसे अडकतात. म्हणून त्या दोघांची ओळख पहिल्या महिन्यातच करून ठेव, दर महिन्याच्या शेवटी स्वतः जाऊन विचार. हे कोणत्याच माहितीपत्रकात लिहिलेलं नसते.

दुसऱ्या दिवशी सकाळचं सत्र होतं प्रपोजल लिहायचं. हे एका नागपूरच्या सरांनी घेतलं. प्रत्येकाने उभं राहून तीन मिनिटात आपला विषय सांगायचा, तोही मराठीत, आणि आपल्या गावच्या माणसाला समजेल असा. मी उठली आणि सुरू केलं की मालगुजारी तलावांचा भौगोलिक अभ्यास, चंद्रपूर जिल्ह्याच्या विशेष संदर्भात. सरांनी तिथंच थांबवलं.

"किती तलाव?"

"सर, ३८. दोन तालुके."

"कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत?"

"मालगुजारी १९५१ मध्ये गेली सर, तिथून आतापर्यंत."

"मग हे शीर्षकात काहून नाही? त्या तलावाला झालं काय, ते सांगा."

मग मी सांगितलं. गोंड राजांच्या काळापासून आपल्याकडे तलाव बांधत आले, कोहळी लोकांचा त्यात मोठा हात, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांत हे तलाव आहेत आणि धानाचं पाणी त्याच्यावर. मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले, पाळ दुरुस्त करायची, गाळ काढायचा, सांडव्याकडे पाहायचं ही जी गावाची वहिवाट होती ती हळूहळू सुटली. आता आमच्या गावच्या तलावात अर्ध्याच्या वर बेशरम, म्हणजे पाण्यात पसरणारं रानटी झुडूप, वाढली आहे, ढिवर भाऊंना जाळं टाकायला जागा नाही राहिली. मी सॅटेलाइटच्या चित्रांवरून पाण्याचं क्षेत्र किती घटलं ते काढून राहिली. सर खुर्चीवरून पुढं सरकले. म्हणाले, लँडसॅटचा एक ठोकळा ३० मीटरचा असतो, आणि बेशरमीने भरलेला तलाव वरून हिरव्या शेतासारखा दिसते, मग तू कमी झालेलं पाणी मोजून राहिली की वाढलेली बेशरम? हा प्रश्न मला दोन वर्षात कोणी विचारला नव्हता. मी म्हटलं, सर, जागेवर जाऊन पाहावं लागेल. ते म्हणाले, हेच तुझ्या प्रपोजलचं पहिलं वाक्य आहे, लिही.

बजेटचंही तसंच. मी लिहिलं होतं, प्रवास खर्च २०,०००. त्यांनी खोडलं. ३८ तलाव, पावसाळ्यानंतर एक फेरी आणि उन्हाळ्यात एक, झाल्या ७६ फेऱ्या, जाऊन येऊन सरासरी ४० किलोमीटर धरले तर ३,०४० किलोमीटर, गाडीचं पेट्रोल एवढं, हे असं लिहा. पैसे देणाऱ्याला दिसलं पायजे की या पोरीने गावं पायाखाली घातली आहेत. गोल आकडा दिसला की तो कापतेच. माझा तो कागद लाल पेनने भरून गेला, तो मी जपून ठेवला आहे.

लायब्ररीच्या सत्रात शोधगंगा उघडून आपल्या विषयावरचे थिसिस कसे शोधायचे ते करून घेतलं, आणि वन नेशन वन सबस्क्रिप्शन सांगितलं. ते १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालं, जवळपास १३,००० जर्नल, सरकारी विद्यापीठं आणि कॉलेजांना मोफत, केंद्राने तीन वर्षांसाठी ६,००० कोटी दिले आहेत. आपल्या विद्यापीठाच्या लॉगिनमधून ते उघडते. मी तोपर्यंत पेपरसाठी लोकांना ईमेल करून मागत बसायची. वाङ्मयचौर्याच्या नियमात १० टक्क्यांपर्यंत साम्य चालते, त्याच्या वर गेलं की कारवाईचे टप्पे सुरू होतात, तेही नीट सांगितलं. आणि बायांसाठी एक, २०२२ च्या नियमात पीएचडीच्या काळात २४० दिवसांची बाळंतपणाची रजा आहे, आणि मुदतीत २ वर्षांची जास्तीची सूट. हे ऐकून मागच्या बाकावरची एक ताई, तिचं बाळ सासूजवळ ठेवून आली होती, ती उठून मॅडमकडे गेली आणि नियमाचा नंबर लिहून घेतला.

परदेशातल्या परिषदेला जायच्या पैशाचं सत्र फक्त वीस मिनिटात गुंडाळलं, हे नाही आवडलं. विज्ञानवाल्यांसाठी आता एएनआरएफ, म्हणजे संशोधनाला पैसे देणारी केंद्राची संस्था, आहे, आधीचं एसईआरबी त्यातच गेलं, एवढं सांगून थांबले. आविष्कारबद्दलही घाईघाईत सांगितलं. आविष्कार म्हणजे राज्यपाल कार्यालयाने २००६ मध्ये सुरू केलेला विद्यापीठांचा संशोधन महोत्सव, पदवीच्या पोरांपासून पीएचडीवाल्यांपर्यंत सगळ्यांना गट आहे, आधी पोस्टर, मग पुढच्या फेरीत तोंडी सादरीकरण. आपल्याकडच्या पोरांना स्टेजवर बोलायची सवय व्हायला याच्यासारखी जागा नाही, त्याला तरी एक तास द्यायला पायजे होता.

आता उद्घाटन. दहाला सुरू होणार होतं, पाहुणे आले पावणेअकराला, मग दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, सात जणांची भाषणं, सव्वाबारा वाजले. चाळीस लोकांचे सव्वादोन तास गेले. गडचिरोलीच्या आतल्या गावातून दोन पोरं पहाटे चारला निघून आली होती, ती बिचारी मागं बसून पेंगून राहिली होती. तेवढ्या वेळात आविष्कारचं सत्र आरामात झालं असतं.

आणि तारीख. ऑगस्टचा पहिला आठवडा. अहो, त्या आठवड्यात इकडे रोवणी, म्हणजे धानाची लावणी, असते. पऱ्हे टाकलेले, बांधीत चिखल झालेला, बाया भेटत नाहीत, घरातल्या शिकलेल्या पोरीला पण चिखलात उतरावंच लागते. माझ्यासोबत येणाऱ्या दोघी शेवटच्या दिवशी नाही म्हणाल्या, एकीच्या घरी मजूर नाही आले म्हणून, दुसरीच्या नाल्याला पूर होता. मीही आईला एकटीला रोवणीत सोडून गेली होती, ते मनाला लागून राहिलं. कॉलेज ग्रामीण भागातलं आहे, पोरं शेतकऱ्यांची आहेत, तारीख शेती पाहून काढायला पायजे. फीडबॅक फॉर्मवर आम्ही बारा जणांनी हेच लिहिलं, आणि मला सांगायला आनंद वाटते की त्यांनी ऐकलं, पुढची बॅच डिसेंबरच्या शेवटी ठेवली आहे, धानाचे चुरणे, म्हणजे मळणी, होऊन जाते तोपर्यंत.

जेवण चांगलं होतं. सकाळी तर्री-पोहे, दुपारी वरण-भात, पोळी, वांग्याची भाजी, दुसऱ्या दिवशी पातोडीचा रस्सा. होस्टेल स्वच्छ, पाणी होतं, वॉर्डन ताई रात्री दोनदा येऊन विचारून गेल्या. लाइट दोन वेळा गेली, प्रोजेक्टर बंद पडला, पण फळा असल्यामुळे अडलं नाही. माहितीपत्रक पूर्ण इंग्रजीत होतं, ते मराठीत करून द्या अशी विनंती आहे, कारण घरी बापाला दाखवायचं असते.

एक जोडूनच सांगते, फॉर्म भरायच्या सेंटरचं. कार्यशाळेत निक्षून सांगितलं की ईमेल आणि मोबाइल नंबर स्वतःचाच टाका, पासवर्ड स्वतःच्या वहीत लिहा. मागं एकदा मी एका सेंटरवर फॉर्म भरला होता, तिथल्या माणसाने घाईत त्याचाच नंबर टाकला, सगळे ओटीपी त्याच्याकडे, आणि दुरुस्तीची खिडकी उघडली तेव्हा तो गावाला गेलेला. माझा फॉर्म तसाच चुकीचा गेला. आता मी आमच्या बसस्टँडजवळच्या दुसऱ्या दादाकडे जाते, एका फॉर्मचे ५० घेतो, स्कॅनचे वेगळे, पण स्क्रीन आपल्याकडे फिरवून एकेक रकाना वाचून दाखवतो आणि सबमिट दाबायच्या आधी म्हणतो, ताई, एकदा तुम्ही पाहा. त्याला पाचपैकी पाच.

माझं पुढं काय झालं तर केंद्राच्या नमुन्यातला दाखला सेतूवर टाकला, पंधरा दिवसात हातात आला. नेटचा फॉर्म या वेळी जेआरएफसाठी भरते. नागभीडच्या पोरीने आणि मी मिळून रोज रात्री नऊला फोनवर पेपर एकचे प्रश्न सोडवणं सुरू केलं आहे. आमच्या बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, त्यावर मॅडम स्वतः जाहिरात आली की टाकतात, आणि खाली मराठीत दोन ओळीत कोणाला चालेल ते लिहितात.

डिसेंबरच्या बॅचला जाणार असाल तर सोबत नेजा: जात प्रमाणपत्र, व्हॅलिडिटी, नॉन-क्रिमिलेयर राज्याचं आणि केंद्राचं दोन्ही, पीएचडीचं रजिस्ट्रेशन पत्र, दहावीचं सर्टिफिकेट कारण नावाचं स्पेलिंग त्याच्यावरूनच धरतात, बँकेचं पासबुक आधार जोडलेलं, आणि आपल्या विषयाची एक पानाची टिपण, मराठीत लिहिलेली चालते. जागा चाळीसच आहेत. संध्याकाळची शेवटची एसटी साडेपाचला सुटते आणि दुसऱ्या दिवशीचं सत्र पाचला संपते, म्हणून बॅग सकाळीच भरून ठेवा. थंडी असेल, शाल घ्या. आणि एक्स्टेंशन बोर्ड नक्की नेजा, त्या हॉलमध्ये प्लग फक्त सहा आहेत.